तिसऱ्या चौकोनातली फुली

बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या घरच्या मेटकूट-मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट करायची, असं रक्षितानं ठरवलं तेव्हा नवरा गिरीराज कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि विसरून गेला. (बायकोला "सरी" म्हणून विसरण्याचा त्याला बारा वर्षांचा अनुभव होता.) पण आधी आराखडा हवा, म्हणून ती आठवडाभर पेन्सिलीनं कागदांवर चौकोन आखत बसली, आणि इथंच घोळ झाला.

एका दुपारी ती बाहेर गेली तसे गिरीराजनं ते कागद चाळले. एका पानावर लिहिलं होतं, "आमची माणसं". खाली तीन चौकोन: आई सकवारबाई, रक्षिता, गिरीराज. पहिले दोन कोरे. तिसऱ्यावर मात्र या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ठसठशीत फुली.

 गिरीराजच्या वडिलांनी उभं केलेलं दुकान, आणि त्यातून त्यालाच काट मारली. गेल्या आठवड्यात आपण गिऱ्हाइकासमोर "मेटकूट स्वल्प करपलंय" म्हणालो, त्याचंच हे उट्टं, यात त्याला शंका उरली नाही. जेवताना त्यानं खडा टाकून पाहिला.

"त्या साइटवर माझं काय?"

"तुमचं सगळ्यात आधी उरकलं," रक्षिता वाढता वाढता म्हणाली. "आमचं दोघींचं उद्या बघते."

"आईला ठाऊक आहे?"

"त्याच म्हणाल्या, आधी त्याचं उरक."

सख्खी आईसुद्धा सामील. 

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात असताना त्यानं लेकीचं खोडरबर घेतलं, फुली पुसून टाकली आणि शीळ घालत मिरच्या निवडायला बसला. संध्याकाळी रक्षितानं फोनवर बोलता बोलता उरलेल्या दोन चौकोनांवर फुल्या मारल्या आणि गठ्ठा इंदिरानगरला भार्गवीकडे धाडला. साइट तीच बांधणार होती.

पंधरा दिवसांनी साइट उघडली. सकवारबाई हसतायत, रक्षिता हसतेय. गिरीराजचं नुसतं नाव, आणि वर पांढरा चौकोन. त्यानं तडक भार्गवीला फोन लावला.

"माझा फोटो कुठाय?"

"अण्णा, फुली म्हणजे इथं फोटो लावायचा. आम्ही तसंच दाखवतो. तुमची फुली पुसलेली दिसली, म्हटलं तुम्हालाच नको असेल."

फोन स्पीकरवर होता. रक्षितानं मान वर केली.

"सगळ्यात आधी तुमच्याच चौकोनात फुली मारली होती मी. कुणी पुसली?"

"लेकीनं पुसली असेल," गिरीराज पुटपुटला.

 सकवारबाई आत जाऊन आल्या आणि खोडरबर त्याच्यापुढे ठेवलं.

"तुझा शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलं," त्या म्हणाल्या.