उंबरठा पक्षाचा दिवंगत उमेदवार

"या वेळी संसद हादरवतो!" असं कोटवाल्यांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ती भांडी घासत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आधी नळाचा वॉशर बसवा," म्हणाली.

कोटवाले म्हणजे शिंपी. भर उन्हातसुद्धा स्वतः शिवलेला कोट घालून हिंडायचे, म्हणून हे नाव पडलं. ते उंबरठा पक्षाचे उमेदवार होते. पक्ष एवढासा, की अख्खी कार्यकारिणी त्यांच्या दुकानातल्या बाकावर मावायची! पक्षाचं म्हणणं सरळ होतं: जुन्या मर्यादा पाळा, वडीलधाऱ्यांचं ऐका. घोषणा खुद्द कोटवाल्यांची होती: 'घर टिकलं तर देश टिकेल!'

त्यांचं स्वतःचं घर किती टिकलं होतं, हे गल्लीला ठाऊक होतं. एकुलत्या एक मुलीने मनाजोगता नवरा केला, आणि कोटवाल्यांनी "मला मुलगी नाही" म्हणून दार लावून घेतलं. त्याला काही वर्षं झाली होती. तिचं नाव घरात निघत नसे. बायको मात्र दुपारी मशीनच्या आवाजाआड तिच्याशी फोनवर बोलायची, आणि ते आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत कोटवाले मशीन आणखी जोरात चालवायचे.

पोस्टर छापायला दिलं, तिथून गाडी घसरली. छापखानेवाला म्हणाला, "फोटोभोवती जाड काळी चौकट टाकू? भारदस्त दिसेल."

"टाका! आणि खाली लिहा, 'साधा माणूस, सच्चा माणूस. आपल्या मनात सदैव.'"

सकाळी पोस्टरं भिंतीभिंतीवर लागली. दुपारपर्यंत कोटवाले वारले होते!

पहिला आला न्हावी. दार कोटवाल्यांच्या बायकोने उघडलं. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, माणूस तिरसट होता, पण बटण पक्कं लावायचा हो!"

"तिरसट कोण रे?" आतून कोटवाले गरजले. न्हाव्याने जी धूम ठोकली, ती थेट चौकापर्यंत!

मग रीघच लागली. कुणी फुलं आणली, कुणी शिवायला टाकलेली पँट हळूच मागितली. शेवटी पक्षाध्यक्ष धापा टाकत आले.

"कोटवाले, चार दिवस घराबाहेर पडू नका! सहानुभूतीची लाट आलीय!"

"अहो, मेलेल्या माणसाला मत कोण देईल?"

"आपल्याला जिवंतपणी तरी कोण देत होतं?"

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. उघड्या दारातून एक बाई आत आली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. तिच्या गावी कुणीतरी पोस्टरचा फोटो मोबाइलवर पाठवला होता. ती कोटवाल्यांची मुलगी होती.

समोर बाबा उभे! ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली. आधी हसली, मग अशी रडली, की पक्षाध्यक्ष कसनुसे होऊन जिना उतरून गेले.

"आईचा फोन लागेना," ती म्हणत राहिली. "मला वाटलं, शेवटचं बोलणंही राहून गेलं."

कोटवाल्यांच्या मनात कितीतरी शब्द आले. बस. पाणी पी. किती वाळलीस गं. पण महिनाभर मतं मागून जिभेला एकच वळण लागलेलं. त्यांनी हात जोडले आणि तोंडून निघालं, "आमच्याकडे लक्ष असू द्या."

मुलगी उठली, डोळे पुसले. आईला घट्ट मिठी मारली. "बाबा, तब्येत सांभाळा," एवढंच म्हणाली आणि गेली.

"बोलायला तोंड दिलंय ना देवाने?" बायको म्हणाली. त्या दिवशी तिने फोनसाठी मशीनच्या आवाजाची वाट पाहिली नाही.

मतदानाच्या दिवशी पक्षाध्यक्ष केंद्राबाहेर उमेदवाराला शोधून शोधून दमले. उमेदवार मुलीच्या गावच्या बसमध्ये होता! पक्षाला मिळालेल्या मूठभर मतांत कोटवाल्यांचं स्वतःचं मतही नव्हतं.

मुलीच्या दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी डोकावली. "दोघं मतदानाला गेलीत. रांग मोठी आहे म्हणे. तुम्ही कोण?"

सवयीने हात जोडले गेले. कोटवाल्यांनी ते सोडवले, कोटाच्या खिशात घातले.

"मी तिचा बाप."

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आतून एक स्टूल आणून जिन्याशी ठेवलं.

"फार उशीर केलात हो," ती म्हणाली.

"बस उशिरा सुटली," कोटवाले म्हणाले, आणि स्टुलावर बसले.