मंगल सिस्टरविरुद्ध तक्रार

सुभेदार हंबीरराव यांनी फौजेत इन्स्पेक्शनं पुष्कळ पाहिली होती, पण आरोग्य उपकेंद्राचं इन्स्पेक्शन अंगावर घ्यायची ही पहिलीच वेळ. विट्याजवळच्या त्यांच्या वाडीत पाहणीसाठी सांगलीहून आरोग्य खात्याच्या मॅडम येणार होत्या. त्या लोकांना प्रश्न विचारणार आणि त्यावरून कंत्राटी नर्स मंगल सिस्टर वाडीत राहणार की जाणार, हे ठरणार होतं.

गेल्या वर्षी छातीत कळ येऊन सुभेदार उसात आडवे झाले, तेव्हा सिस्टर चिखल तुडवत पोचल्या होत्या. तेव्हापासून सिस्टरचं नाव निघालं तरी हा करडा माणूस हळवा व्हायचा. उपकार फेडायची ही संधी ते सोडणार नव्हते.

त्यांनी उपकेंद्रापुढं निवडक माणसं रांगेत उभी केली. "शेजारच्या गावात मॅडमनी पयलं बाळंतपणाचं इचारलं, मग बीपीचं, शेवटाला कुत्रं चावल्याचं. त्याच नंबरानं उभं ऱ्हावा. पूजा, तू पयली. ज्ञानू, तू शेवटाला. आपापलं उत्तर पाठ करायचं, दुसरं कायबी बोलायचं न्हाई!"

"आन् मॅडमनी उलटं इचारलं तर?" मेंढरं राखणाऱ्या ज्ञानूनं शंका काढली.

"फौजेत 'तर' नसतंय!"

बायकोला, हरणाबाईला, त्यांनी मुद्दाम वगळलं. "तू घरी बस. तुझं तोंड सुटलं तर सिस्टरला गाव सोडाया लागंल."

राजेश्वरी मॅडम वेळेवर आल्या. खुर्चीत बसताच त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं, म्हणून त्यांनी खुर्ची उचलून रांगेच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि तिथूनच सुरुवात केली. सुभेदारांच्या नियोजनात ऊन नव्हतं.

"बाळंतपणाची इथे काय सोय आहे?"

बिनलग्नाचा ज्ञानू ताडकन सावधान झाला. "चावलं तवा लय रगात आलं. पन सिस्टरनी लगोलग सुई दिली."

मॅडमनी चष्मा पुसला. पुढची उत्तरंही तशीच आली. शेवटी पूजाला त्यांनी विचारलं, "कुत्रं चावलं तर काय करता?"

पूजानं सुभेदारांच्या रोखलेल्या नजरेकडं पाहिलं आणि डोळे मिटून म्हणाली, "सिझर लागलं न्हाई. साडेतीन किलोचं हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सुभेदार, ही शिकवलेली उत्तरं आहेत. यातलं काहीच मला ग्राह्य धरता येणार नाही."

सुभेदारांचा चेहरा उतरला. ज्या बाईनं आपल्याला वाचवलं, तिलाच आपण बुडवलं, या विचारानं त्यांना खालीच बसावंसं वाटलं. सिस्टर चहाचे कप घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात पदर खोचून हरणाबाई आल्या.

"मॅडम, माजी तक्रार हाय. लिवून घ्या."

"अगं, घरी जा!"

"आवं, तुमी गप बसा!"

"बोला, आजी," मॅडम म्हणाल्या.

"ही बाई लय छळती बगा. बीपीची गोळी घेतली म्हनलं तर पाकीट उघडून बगती. मीठ किती घातलं म्हनून कालवनाची चव घेती. सुनंला दिवस गेल्यात, तर तिला घागर उचलू देत न्हाई, पानी म्या भरायचं! नातवाची लस ऱ्हायली म्हनून भर पावसात वढा वलांडून दारात हजर. आन् माजी मिश्रीची डबी चुलीत घातली! आता नवी डबी मला पिठाच्या डब्यात लपवाया लागती."

मॅडम भराभरा लिहीत होत्या. ते पाहून रांग मोडली.

"माजीबी लिवा," ज्ञानू पुढं घुसला. "सुई चुकवून पळालो, तर मेंढरातनं माज्या मागं पळाली!"

प्रत्येकाकडं काही ना काही तक्रार निघाली. सर्वांत शेवटी सुभेदार पुढं झाले.

"माजीबी हाय. उसात पडलो तवा म्या म्हनलं, सिस्टर, सोडा, माजं संपलं. पन गाडी येस्तवर हिनं हात सोडला न्हाई. सोड म्हनून वरडलो तरी सोडला न्हाई."

मॅडमनी वही मिटली. "अशा बाईला वाडीतून हलवा, असं मी तरी लिहिणार नाही. सिस्टरना बोलवा, त्यांचे आभार मानायचेत."

पण दारात नुसतेच कप होते. सगळे इकडंतिकडं बघू लागले, तर सिस्टर समोर सुभेदारांच्या घरातून बाहेर पडत होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले आणि मुठीत एक छोटी डबी.

"मॅडम, थांबा!" हरणाबाई ओरडल्या. "आजून एक लिवा!"