सर्व्हरला लागली हळद

मंडळी, यंत्राला कामाला कसं जुंपावं ते आमच्याकडून शिकावं! गेल्या शुक्रवारी सांगलीच्या ऑफिसात मी छाती फुगवून हेच सांगत होतो. समोर आमच्या मालकीणबाई, चारुलतामॅडम. आम्ही लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. हळदीचे अडते, दातांचे डॉक्टर, तालीमवाले, सगळे आपलेच. प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा. प्रत्येकावर सगळं हाताने बसवायचं, हाताने सेटिंग लावायचं. म्हणजे अख्ख्या पंगतीला एकट्याने मिठापासून भातापर्यंत वाढत पळायचं!

"आता एकच फाइल लिहिलीय, मॅडम. कुठं काय हवं ते तिच्यात सांगायचं. एक कमांड दिली की टूल स्वतः जाऊन मांडामांड करतं. वर पहारापण देतं. कुणी काही हलवलं की पुन्हा होतं तसं करून ठेवतं!"

"आधी एका सर्व्हरवर करून बघ हं, निमिष."

"बघतो की!"

दुसऱ्या दिवशी उंब्रजला माझ्या चुलत बहिणीची, क्रांतीची हळद होती. तिच्या आमंत्रणाची साइट मीच केलेली. चाचणीला तीच घेतली. फक्त चाचणीच्या सर्व्हरचं नाव लिहायचं तिथे गडबडीत 'सगळे' लिहिलं! पडद्यावर हिरव्या ओळी सरसर उतरल्या आणि मी शीळ घालत उंब्रजची एसटी गाठली.

सकाळी मांडवात चहाचा कप हातात घेतोय तोच मार्केट यार्डातल्या तात्यांचा फोन. तात्या म्हणजे आमचे हळदीचे अडते.

"आरं निमिष, आमच्या साइटवर भाव दिसंना! नुसतं 'हळद शनिवारी सकाळी, लालासाहेबांच्या मळ्यात, उंब्रज. अगत्य यावे' असं येतंय. हळदीचं सौदं उंब्रजला कवापासनं व्हायला लागलं?"

कांद्याच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला आणि तात्यांचं पान हाताने दुरुस्त केलं. सुस्कारा सोडतोय तोच आमंत्रण परत! पुन्हा दुरुस्त केलं, पुन्हा परत! मी नेमलेला पहारेकरी मलाच चोर समजत होता. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन. पेशंट विचारत होता म्हणे, "दाढ मांडवातच काढणार काय?"

आणि मळ्याच्या तोंडाशी दोन गाड्या थांबल्या. तात्यांच्या यार्डातले चार-पाच व्यापारी उतरले. पुढे कर्नाटकाच्या हद्दीवरचा गुंडाशेठ, देहाने हळदीच्या थप्पीएवढा. लालासाहेबकाका म्हणजे नवरीचे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. फेटा सावरत पुढे झाले.

"या, या पाव्हणं! नवऱ्याकडचं जणू?"

"न्हाई ओ, हळदीला आलोय. माल कुठं हाय?"

"काय?"

"माल ओ! आधी बघणार, हातात घेऊन पारखणार, मग बोलणार."

काकांच्या मिशा ताठ झाल्या. "माझ्या पोरीला माल म्हंतोस? आगं ए, काठी आण माझी!"

मी लॅपटॉप काखेत मारून मधे उडी घेतली. "काका, थांबा! ह्यांची काही चूक नाही. ते कॉन्फिगरेशन..."

"कसलं रेशन?" काकांनी हाती आलेली काठी उगारली.

तेवढ्यात आवाज ऐकून नवरीची आई, राहीबाईकाकू, हळदीची वाटी हातात घेऊनच बाहेर आल्या. गुंडाशेठचा हात सवयीने वाटीत गेला. चिमूट चोळली, वास घेतला आणि त्याने तोंड वाकडं केलं.

"आवं अक्का, हिला हळद म्हंत्यात व्हय? रंग घातलाय हिच्यात! पोरीच्या अंगाला असलं लावताय?"

काकांची उगारलेली काठी हळूहळू खाली आली. "मग आता ऐन वक्ताला चांगली कुठनं आणू, गड्या?"

गुंडाशेठने गाडीतून आपली नमुन्याची पिशवी आणली आणि काकूंच्या पुढ्यात धरली. "घ्या. आमच्याच रानातली हाय. लेकीचं काम हाय, न्हाई म्हणू नगा."

काय सांगू मंडळी! क्रांती अशी उजळली की फोटोग्राफरने आपला दिवाच विझवला. व्यापारी पंगतीला बसले. काका स्वतः आग्रह करत होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "हळदीला सांगलीस्नं जाणकार मान्सं बोलावल्याती!"

इकडे मांडवामागे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पानं दुरुस्त करून उपयोग नाही, टूल वाचतं ती 'सगळे' लिहिलेली फाइलच दुरुस्त करायला हवी! केली. सगळ्या साइट आपापल्या घरी गेल्या. लगेच तात्यांचा फोन.

"झालं बघा, तात्या!" मी ऐटीत म्हणालो. "भाव दिसतोय ना?"

"भाव दिसतोय रं! पन ते आमंत्रण कुठं गेलं? गुंडा सांगत हुता, जेवान लय झ्याक हाय म्हणून. आमी समदं यार्ड घेऊन येतोय उद्या लग्नाला. अक्षता कवा पडत्यात ते बघायचं हुतं. लाव बघू परत!"

मी लॅपटॉप मिटला आणि राहीबाईकाकूंना जाऊन हळूच विचारलं, उद्या भात थोडा जास्त टाकता येईल का म्हणून.