प्रभाकररावांचं समाधान

रविवारी सकाळी बेल वाजली आणि दारात हातात पिशवी घेतलेला माणूस दिसला, तर इतरांच्या घरी तो भाजीवाला किंवा कुरिअरवाला असतो. आमच्याकडे ते वरच्या मजल्यावरचे प्रभाकरकाका असतात, आणि पिशवीत पुरावा असतो.

‘पुरावा’ हा त्यांचाच शब्द. कधी तो न चिकटण्याची हमी देऊन चिकटणारा तवा असतो, तर कधी एका धुण्यात आखडलेला, नुकताच अंगातून काढलेला बनियन. बनियन दाखवायला आणायचा म्हणजे निदान धुऊन आणला असेल, असं तुम्हाला वाटेल. पण नाही. “धुतला तर आणखी आखडेल की हो. पुराव्यात ढवळाढवळ झाली असं म्हणतील,” हे त्यांचं उत्तर. तो बनियन आमच्या जेवणाच्या टेबलावर अख्खी सकाळ पडून होता.

मी मूळची बेळगावची. लग्न होऊन बंगळूरला आले आणि जे. पी. नगरला वकिलीचं छोटंसं ऑफिस थाटलं. माझी वकिली म्हणजे वाटण्या, वारसा, आणि इथं ज्याला ‘साइट’ म्हणतात त्या मोकळ्या प्लॉटांवरून चाललेली भाऊबंदकी. ग्राहकांच्या तक्रारी हा माझा प्रांतच नव्हे. हे मी काकांना अनेकदा सांगितलं. त्यावर ते म्हणतात, “वकील तो वकील. डॉक्टरला आपण विचारतो का, डाव्या पायाचे की उजव्या?”

काका इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. बाहेरून आलेल्या मालात खोट शोधायची, ही त्यांची नोकरी, आणि ती त्यांनी जन्मभर मन लावून केली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते मागे पडतं म्हणून दुसऱ्याच दिवशी ते बदलून मागायला गेले.

त्यांचा माझ्याकडचा पहिला खटला चिवड्याचा. पाकीट माझ्यासमोर धरून त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

“चित्रात काजू दिसतात का?”

“दिसतात की.”

“आता आत बघा.”

आत चिवडा होता, शेंगदाणे होते, कढीलिंबही होता. काजू मात्र औषधालाही नव्हता. मी पाकिटाच्या तळाशी बोट ठेवलं. “काका, इथं बारीक अक्षरात लिहिलंय बघा. चित्र केवळ कल्पनेसाठी.”

“मग पैसेही मी कल्पनेतच द्यायला हवे होते.”

“दुकानदार दुसरं पाकीट देईल.”

“पाकीट कोण मागतंय? मालकाला बोलवा. होसकोट्याला कारखाना आहे, काही लांब नाही. पिंजऱ्यात उभं राहून सांगू दे, काजू कुठं गेला ते. हे हायकोर्टात जाईल ना?”

मी हायकोर्टापर्यंतच्या पायऱ्यांचं वर्णन करत होते, तेवढ्यात आमच्या ह्यांनी पुराव्याची मूठ भरून तोंडात टाकली. काका त्यानंतर बरेच दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत.

काकांना पैसे नको असतात, हे समजायला मला वेळ लागला. नुकसानभरपाई म्हटलं की उलट त्यांना राग येतो. जे गेलं ते जसंच्या तसं परत आलं पाहिजे, एवढीच त्यांची कायद्याकडून माफक अपेक्षा. लाँड्रीवाल्यानं कोटाचं बटण हरवलं, तर तेच बटण हवं. तसलं दुसरं चालणार नाही. केस कापणाऱ्यानं डाव्या बाजूला जरा जास्त कात्री चालवली, तेव्हा नेमकं काय परत मागायचं हे त्यांनाही सुचेना. “मागणी तुम्ही ठरवा वकीलबाई,” ते म्हणाले, “पण सोडायचं नाही.”

‘सोडायचं नाही’ हे त्यांचं पालुपद. आणि त्यांचा दुसरा विश्वास माझ्या काळ्या कोटावर. त्यांच्या मते मी युक्तिवाद वगैरे करायची गरजच नाही. नुसता कोट घालून दुकानात उभी राहिले की पुरे. एकदा मी कोर्टातून परत येत होते, तर काका कोपऱ्यावर मिक्सरचं भांडं घेऊन थांबलेले. मला तशीच कोटासकट दुकानात नेली.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि तो खरंच उठून उभा राहिला. काकांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघून घेतलं. “स्वल्प नोडी सार,” म्हणजे जरा बघा साहेब, असं म्हणत त्यांनी भांडं काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते बाजूला सरकवलं आणि मला खुर्ची दिली. त्याच्या वडिलांची एक साइट होती, धाकटा भाऊ कागद देत नव्हता, आणि देवानंच मला पाठवलं होतं. कॉफी आली. बिचारे काका मांडीवर भांडं घेऊन स्टुलावर बसून राहिले. तो दुकानदार आजही माझा पक्षकार आहे. भांड्याचं झाकण त्यानं बदलून दिलं, पण काकांच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. “विरुद्ध पक्षाचं वकीलपत्र घेतलंत तुम्ही,” असं ते अजून मला ऐकवतात.

या सगळ्यात आमची बाजू सांभाळायच्या त्या शालनकाकू. काका मिरजेहून नोकरीसाठी इथं आले, तेव्हा त्यांच्या मागोमाग आलेल्या नव्या नवरीची आता पांढऱ्या केसांची आजी झाली होती. काकूंना लिफ्टपासून फाटकापर्यंत जायला अर्धा तास लागायचा, कारण वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलायचं असे. कानडी, मराठी, हिंदी, जी भाषा हाताला लागेल ती. मला जिन्यात गाठून हळूच म्हणायच्या, “तुझ्याशी भांडून आले की त्यांना जेवण जातं गं. ऐकून घे आणि सोडून दे.” नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नसत. लोकांपुढे ‘आमचे हे’, आणि चिडल्या की ‘इन्स्पेक्टर’.

गेल्या वर्षी काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, डोळ्यांत तसं दिसायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, ‘सरी’. बरं, ठीक आहे, असं म्हणायचा कानडी शब्द. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेजारणींशी बोलून बोलून तो जिभेवर इतका बसला होता की सगळी मराठी गेली आणि तेवढा एकटा मागे राहिला. चहा हवा का विचारलं तरी सरी, नको का विचारलं तरी सरी.

आमची बेल वाजायची बंद झाली. पहिल्या काही रविवारी मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी नवा तवा घेतला, तोही चिकटायला लागला, आणि तो घेऊन कुणाकडे जावं ते मला कळेना.

बऱ्याच महिन्यांनी काका आले. पिशवीत एक जुनी व्हिडिओ कॅसेट होती. त्यांच्या या फ्लॅटच्या वास्तुशांतीची. मल्लेश्वरमच्या एका गल्लीत जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारं दुकान आहे, तिथं त्यांनी ती दिली होती. तिथं फीत यंत्रात अडकली, चुरगळली आणि एके ठिकाणी चित्र उतरलं पण आवाज गेला.

काकांनी सोबत आणलेला पेनड्राइव्ह मी लावला. बायकांचा घोळका, मध्ये हिरव्या साडीतल्या काकू, बायका आग्रह करताहेत, काकू पदराशी चाळा करत ओठ हलवताहेत, आणि मग सगळ्या खदखदून हसताहेत. आवाज काहीच नाही.

“उखाणा,” काका म्हणाले.

तो उखाणा मला ठाऊक होता. आमच्या इमारतीतल्या सगळ्या मराठी बायकांना ठाऊक होता, कारण काकूंनीच तो प्रत्येकीला हसत हसत सांगितला होता. काकांच्या तोंडावर, भरल्या घरात त्यांनी घेतला होता,

मिरजेची सतार, म्हैसूरची वीणा,
प्रभाकररावांचं समाधान काही होईना.

“दुकानदार काय म्हणतो?” मी विचारलं.

“माफी मागतो. पैसे परत देतो म्हणतो, वर आणखी देतो म्हणतो. पैसे घेऊन काय करू? आवाज द्यायला सांगा.”

“काका, गेलेला आवाज कोर्टाला परत आणता येत नाही.”

“मग कोर्ट कशाला आहे?”

मी नेहमीच्या सवयीनं थट्टा करणार होते. पण काका खाली बघत होते. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं की काकूंना पूर्वी पाठ असलेलं काहीतरी ऐकवत राहा. ज्यांना नवं वाक्य जुळवता येत नाही, त्यांच्याही तोंडून कधी कधी पाठ असलेलं आपोआप निघतं. काकांनी श्लोक ऐकवले, आरत्या ऐकवल्या, पाढेसुद्धा म्हटले. काकू शांतपणे ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, सरी.

“हा तिनं आरशासमोर घोकला होता,” काका म्हणाले. “आठवडाभर. मला कळू न देता. मी दाराआडून ऐकत होतो. तिचाच आवाज तिला ऐकवला, तर येईल असं वाटलं. जन्मात तेवढंच एकदा तिनं माझ्यासमोर माझं नाव घेतलं हो.”

“मग तुम्हीच का नाही म्हणून दाखवत त्यांना?”

काका दचकलेच. “बायकोचा उखाणा नवऱ्यानं म्हणायचा? माझ्या नावाला मीच राव लावू? काहीतरीच काय बोलता वकीलबाई.”

मला हसू आलं. पण मग तो मीच म्हणून दाखवावा, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. वकिलाचं डोकं, ते तक्रारीच्या मसुद्याकडे वळलं. ग्राहक आयोगासाठी मी तो इंग्रजीत लिहिला. सेवेत त्रुटी, मानसिक त्रास, सगळं घातलं. आणि ‘गमावलेला भाग’ म्हणून मधोमध देवनागरीत उखाणा. मागणीच्या रकान्यात काकांच्या हट्टामुळे पहिलीच ओळ होती, आवाज परत मिळावा. माझ्या उभ्या वकिलीत असा कागद मी तयार केला नव्हता, आणि कुणी वाचला तर हसेल याची मला खात्री होती.

वाचून दाखवल्याशिवाय काका सही करत नाहीत. म्हणून दुपारी मी वर गेले. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. पुढ्यात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचं ताट होतं आणि त्या डाव्या हातानं एकेक शेंग सोलत होत्या. त्यांनी मला बघून मान हलवली. मी वाचायला लागले. एक मुद्दा इंग्रजीत वाचायचा, मग मराठीत सांगायचा, मग काका त्यात चूक काढणार, असं चाललं होतं. उखाण्यापाशी आले. कोर्टात वाचतात त्या कोरड्या आवाजात मी म्हटलं, “मिरजेची सतार, म्हैसूरची वीणा…”

“थांबा,” काका म्हणाले. “इथं माझी हरकत आहे. मी तेव्हाही घेतली होती. वीणा तंजावरची. म्हैसूरला चंदन म्हणा, रेशीम म्हणा, मी नाही म्हणत नाही, पण वीणा म्हटली की तंजावर. कागदावर चुकीचं जाता कामा नये. उद्या समोरचा वकील…”

“प्रभाकर,” खिडकीकडून आवाज आला.

काकांना तो ऐकूच गेला नाही. ते तंजावरला होते. मी हात वर करून त्यांना गप्प केलं.

काकूंनी शेंग ताटात टाकली होती. ओठ हलत होते, आणि कपाळावर मोठं ओझं उचलताना पडाव्यात तशा आठ्या पडल्या होत्या. “प्रभाकर,” त्या पुन्हा म्हणाल्या. मग जरा थांबून, एकेक अक्षर लावत, “रावांचं.”

त्यांच्या गालांवर अगदी त्या पेनड्राइव्हमधल्यासारखी लाली चढली होती.

पुढचा शब्द येईना. काकू तो शोधत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी मानेनंच मला नको म्हटलं. मला रडू आवरेना, मी सरळ पदर डोळ्यांना लावला. काका उठले आणि काकूंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी खाली बसत नाहीत. त्यांनी तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. काकू अजून त्यांच्याकडे बघत तो एक शब्द शोधतच होत्या.

“झालं,” काका म्हणाले. “झालं गं शालन, झालं.”