काचेची खिडकी आणि शेळी

गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळानं कृष्णातच्या जुन्या घराची लाकडी खिडकी चौकटीसकट बोळात नेऊन टाकली. कुरुंदवाडातली माणसं हसली ती हसलीच. यंदा वळवाच्या आधी त्यानं हौसेनं सरकती काच बसवून घेतली. वारा नाही, धूळ नाही, आवाज नाही. नव्या नवरीकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत बसे.

इकडे त्याची आई, आक्का, चतकोर भाकरीवर उठायला लागली.

बोळापलीकडे तिची धाकटी जाऊ, हौसाकाकू. वाटणीत पाटा एकीकडे आणि वरवंटा दुसरीकडे गेला, तेव्हापासून दोघींचा अबोला. अबोला म्हणजे तोंडावर बोलायचं नाही, एवढंच. आक्का खिडकीत बसून मांजराला सांगायची, गुडघा लई दुखतोय. काकू दारातल्या शेळीला सांगायची, निरगुडीच्या पाल्यानं शेकावं माणसानं. लेकी बोले सुने लागे, असा कारभार वर्षानुवर्षं सुखात चालला होता.

आता काकूला काचेआडून नुसते हलणारे ओठ दिसायचे. शिव्याच देत असणार, असं ठरवून तिनं पाठ फिरवली.

"मग उघड की काच," कृष्णात म्हणाला.

"मी हून उघडली तर मी नमली असं हुतंय." मग आक्काचे डोळे भरून आले. "पर आवाज न्हाई आला, तर ती हाय का गेली, कसं कळायचं रं?"

कृष्णातला त्या खिडकीची पहिल्यांदाच लाज वाटली.

एका दुपारी आभाळ काळंभोर झालं. सकाळीच काकूनं मागच्या पत्र्यावर चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. वारं उठलं तशी आक्काही उठली. तिनं काच सरकवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाव घेऊन हाक मारली, "हौसा, मिरच्या भिजत्यात की!"

काकू दारात आली. पाऊस तिरपा होऊन आक्काच्या घरात शिरू लागला होता. काकूनं पदरानं डोळे पुसले आणि शेळीकडं तोंड केलं.

"मिरच्या कवाच आत घेतल्यात म्हणावं. आन् खिडकी मिट म्हणावं, घर भिजाय लागलंय."

कृष्णात काच ओढायला धावला. आक्कानं त्याचा हात धरला.

"थांब. ते शेळीला सांगितलंय तिनं. मला कुठं काय म्हणालीया?"

घरभर पाणी झालं. कृष्णात फडकं पिळत राहिला, आणि आक्कानं खिडकीतच ताट मागवलं.