सार्वमत आणि कळा

"बाबा, झेंडा राहू दे, गाडी काढा!" इवेलिसे दारातूनच ओरडली.

एफ्राइन मास्तर गाडीच्या टपावर स्वातंत्र्यवाद्यांचा हिरवा झेंडा बांधत होते. पोर्तो रिकोचं भवितव्य ठरवणारं सार्वमत दुसऱ्याच दिवशी होतं.

"का गं, कळा सुरू झाल्या?"

"नाही, नाचायला निघालेय! चला लवकर!"

जावई नोकरीसाठी फ्लोरिडात, त्याचं विमान संध्याकाळी उतरणार. मास्तरांनी लेकीला गाडीत बसवलं आणि उतुआदोच्या डोंगरातून गाडी खाली सोडली. दुसऱ्याच वळणावर घात झाला. समोर गाड्यांची मिरवणूक! निळे झेंडे, ढोल, कर्णे. अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य व्हायला निघालेली ही मंडळी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

मास्तरांनी हॉर्न वाजवला. पण तिथे सगळेच हॉर्न वाजवत होते, त्यांच्या हॉर्नला कोण विचारतो! त्यांनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "वाट द्या हो, वाट द्या!"

पुढच्या टेम्पोतली बाई त्यांच्या हिरव्या झेंड्याकडे बघून खदखदून हसली. "वाट एकच, आजोबा! राज्याचा दर्जा!"

"अहो बाई, आता थांबणं शक्य नाही!"

"तेच तर आम्ही म्हणतोय! किती वर्षं थांबायचं?"

"बाबा," मागून इवेलिसे कण्हली, "तुमचा वाद मिटेपर्यंत हे बाळ मतदान करून येईल."

मास्तर गाडीतून उतरले आणि धावत सुटले. सगळ्यात पुढे भोंग्यांचा ट्रक होता आणि त्यावर माईक धरून उभे होते त्यांचे व्याही, गुमेर्सिंदो. दोघांचं सहा महिने बोलणं बंद होतं. कारण अर्थातच हेच.

"गुमेर, माईक दे!"

"तुला? स्वातंत्र्याचं भाषण ठोकायला? आधी बोल, 'राज्य झालंच पाहिजे!' मग देतो."

गुमेर्सिंदोंनी वाकून माईक त्यांच्या तोंडापुढे धरला. भोंग्यांच्या गदारोळात समजावणार तरी काय? मास्तरांनी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलले, "राज्य झालंच पाहिजे!" डोंगरभर आवाज घुमला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मास्तरांनी माईक हिसकावला. "आणि माझ्या लेकीला कळा येताहेत, गाढवांनो! सरका!"

गुमेर्सिंदोंचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी सून? अरे, मग आधी नाही का सांगायचं!"

पुढचं सगळं वाऱ्यासारखं घडलं. गाड्या भराभर कडेला झाल्या, हिरव्या झेंड्याची गाडी पुढे निघाली आणि अख्खी निळी मिरवणूक हॉर्न वाजवत दवाखान्यापर्यंत तिच्या मागे धावली.

मुलगी झाली! दोन्ही आजोबा एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. गुमेर्सिंदोंनी नातीला घ्यायला हात पुढे केले, तेवढ्यात इवेलिसेने बाळ छातीशी ओढलं.

"थांबा, मामंजी. माझ्या बाबांकडून काय वदवून घेतलंत, ते मला गाडीत ऐकू आलं. आता तुमची पाळी. माईकवर."

"सूनबाई, अगं खाली माझी सगळी माणसं उभी आहेत!"

"म्हणूनच."

गुमेर्सिंदो खाली गेले. "मुलगी झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप!" जल्लोष झाला. मग ते खाकरले आणि पुटपुटले, "पोर्तो रिको... स्वतंत्र होवो."

आवारातले हलणारे निळे झेंडे जागच्या जागी थबकले. मग टेम्पोतल्या बाईने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच टाळी वाजवली. पाठोपाठ दुसरी टाळी. मग तिसरी.

गुमेर्सिंदोंनी घाईघाईने भोंगा बंद केला.