उपरण्याखालचा भाव

तमाम रयतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, शाहूपुरी पेठेतील गुळाचे दलाल बसाप्पा ऊर्फ बसाण्णा यांनी एके दिवशी भर माळावर, चारचौघांदेखत, गुळाचा भाव तोंडाने सांगितला.

आपण हसलात. म्हणजे आपण बसाण्णांना पाहिलेले नाही. त्या वेळी तिथे हजर असलेल्यांपैकी कोणीही हसले नाही. एक हमाल तर डोक्यावरचा गूळ टाकून मटकन खालीच बसला.

गुळाचा सौदा कसा होतो, ते आधी सांगतो. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर बसतात, हातांवर उपरणे टाकतात आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. कोणते बोट धरले, कसे दाबले, यात सगळे आले. बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसते, आत मांजर कोंडल्यासारखे. सौदा जमला की उपरणे खाली टाकायचे. टाकले की संपले. मग आभाळ फाटले तरी भाव बदलत नाही.

बाकीचे दलाल दुपारी हात बाहेर काढत आणि माणसांत येत. बसाण्णा हात बाहेर काढायलाच विसरले होते. "बोललं की नासलं," हे त्यांचे ब्रीद. वांगी घ्यायची तरी ते माळणीपुढे उपरणे पसरत. माळीण ओरडे, "आण्णा, हात काढा आदी! बाजार बघाय लागलाय!" पुतण्याचे लग्न ठरवताना तर कहर झाला. मुलीचे वडील आजऱ्याकडचे, सरळ गृहस्थ. वऱ्हाडात माणसे किती येणार, एवढेच त्यांनी विचारले. बसाण्णांनी त्यांचा हात उपरण्याखाली ओढला. व्याह्यांना गुदगुल्या झाल्या, ते खदखदून हसले, आणि बसाण्णांनी तो होकार धरला. लग्नाच्या दिवशी त्या बिचाऱ्यांच्या दारात निम्मी पेठ उतरली.

त्यांच्याशी रोज सकाळी भिडणारा खरेदीदार एकच, कासमभाई. मेंदीने रंगवलेली दाढी, कानावर अत्तराचा फाया. हे घाटाखाली गूळ पाठवत. दोघे मांडीला मांडी भिडवून बसत. राम राम नाही, सलाम नाही. वर दोन देवळातल्या मूर्ती आणि खाली उपरण्यात कुस्ती. उठल्यावर बसाण्णा बोटे चोळत म्हणत, "त्यो मानूस न्हवं, अडकित्ता हाय." कासमभाई काहीच म्हणत नसत. त्यांचा आवाज कसा आहे, हे मला ठाऊकच नव्हते.

मग उंदीर पडू लागले.

आधी एका वखारीत, मग गल्लीत, मग जिथे तिथे. सकाळी दार उघडताना माणूस पहिल्यांदा उंबऱ्याखाली बघे. पाठोपाठ हुकूम सुटले. घरे रिकामी करा. कौले उतरवा, आत ऊन जाऊ द्या. माळावर झोपड्या घालून राहा. बाहेरगावच्या माणसाला नाक्यावर थोपवा. आजाऱ्याला वेगळे ठेवा, त्याच्या घरच्यांना त्याहून वेगळे ठेवा. बाजार बंद.

मी तेव्हा तरुण होतो, अक्षर बरे होते, म्हणून प्लेगच्या कामावर कारकून झालो. झोपडीझोपडीत जाऊन माणसे मोजायची आणि कोणाला ताप आहे का विचारायचे. मी दिसलो की बायका पोरांना पदराखाली घेत.

बसाण्णांच्या झोपडीपुढे उभा राहून मी विचारले, "माणसं किती, आण्णा?"

त्यांनी उपरणे पसरले.

"आण्णा, शिवायचं नाही. हुकूम आहे."

त्यांनी ऐकले नाही. माझा हात ओढला आणि एक बोट दाबले. मी म्हणालो, "हे झाले तुम्ही. बाकीचे?" त्यांनी तेच बोट पुन्हा दाबले. मी खुळ्यासारखे तिसऱ्यांदा विचारले. त्यांनी हात सोडला, उपरणे झटकून खांद्यावर टाकले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "म्होरल्या झोपडीत जावा आता."

हुकूम माणसे जगवण्यासाठी होते, हे मला तेव्हाही कळत होते. पण ऐन हंगामात कुरुंदवाडकडच्या गाड्या नाक्याबाहेर अडकल्या होत्या आणि गूळ पाझरून गाडीखाली चिखल होत होता. टांग्याची घोडी विकायला निघाली. काकणे भरायला कोणी हात पुढे करीना. हमालांचा म्होरक्या एकदा आमच्या डॉक्टरांसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "सायेब, प्लेगनं मरायचं का भुकंनं, त्येवडं हुकमात लिवा म्हंजी बरं पडंल." डॉक्टर भला माणूस. त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

शेवटी माळावर बाजार भरवायची परवानगी आली. अट अशी, की जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा. एकीपलीकडे विकणारा, दुसरीपलीकडे घेणारा. कोणी कोणाला शिवायचे नाही.

इतर दलाल दोन दिवस कुरकुरले आणि भाव ओरडू लागले. बसाण्णांनी मात्र घरातले सर्वांत लांब धोतर आणले. एक टोक स्वतःच्या हातात, दुसरे कासमभाईंच्या. झाली सोय! हलका हिसका, जोराचा हिसका, थांबून हिसका. पलीकडून कासमभाईही मान न हलवता हिसके देत. धोतराचे दुसरे टोक पकडायला ते इतक्या तत्परतेने कसे तयार झाले, याचे मला नवल वाटले. मी नियम शोधून पाहिला. धोतराबद्दल त्यात काही नव्हते.

आणि एके दिवशी वारा सुटला.

धोतर शिडासारखे फुगले. बसाण्णांच्या हाताला असा हिसका बसला, की कोल्हापुरात तसा भाव आजवर कोणी दिला नसेल. सवयीने त्यांच्या हातून धोतर सुटले. सौदा पक्का! बाजाराचा मुनीम दोन्हीकडे बोटांच्या खुणेने भाव विचारून आला, तर दोघांचे भाव वेगळे. बसाण्णांकडचा ऐकून कासमभाईंचा चेहरा पांढरा पडला. घाटाखालचा रस्ता बंद, आधीचाच माल सडत पडलेला. हा सौदा त्यांना बुडवणार होता. पण धोतर पडले होते. त्यांनी डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. कबूल.

गूळवाला शेतकरी तर नाचायलाच लागला. "आण्णा, द्येवानं दिलाय भाव! घ्या पदरात!"

बसाण्णा कासमभाईंकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि मग, ज्याची दवंडी मी सुरुवातीला पिटली, ते घडले.

"त्यो वारा हुता!" बसाण्णा गरजले. "वाऱ्याचा भाव धरू नगा!" आणि त्यांनी खरा भाव सांगितला. खणखणीत. माळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. शेतकऱ्याने शिव्या दिल्या. आपला गूळ पुन्हा या दलालाकडे टाकणार नाही म्हणाला, आणि त्याने टाकला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चुन्याच्या रेघेपलीकडची कासमभाईंची जागा रिकामी राहिली.

त्यांच्या झोपडीत ताप निघाला होता. कोणाला, ते कळेना. सगळ्यांना उचलून वेगळ्या छावणीत नेले होते. बाजारात कोणी म्हणे, बायको आजारी. कोणी म्हणे, स्वतःच. कोणी नुसती मान हलवे. दुसरे खरेदीदार बसाण्णांकडे आले, तर त्यांनी धोतराची घडी उलगडलीच नाही. रोज सकाळी येऊन रेघेपाशी बसत आणि बाजार उठला की उठत.

एके दिवशी ते माझ्याकडे आले. उपरणे पसरले नाही. नुसते म्हणाले, "हाय का न्हाय, एवडंच सांग."

मला ठाऊक नव्हते. छावणीची खबर आमच्यापर्यंत येत नसे. मी म्हणालो, "चला, बघून येऊ."

भर उन्हात निघालो. वाटेत एक तिरडी आडवी आली. खांदेकरीही पुरे नव्हते. बसाण्णा चालायचे थांबले आणि ती कुठून आली, एवढेच विचारले. दुसऱ्या बाजूची निघाली. ते पुन्हा चालू लागले. पण आता इतके भरभर, की मला पळावे लागले.

छावणीला काट्यांचे कुंपण, फाटकावर शिपाई. त्याने काठी आडवी धरली. "पावणं, कुटं निगालासा? नातलगाबिगर आत कुनाचीबी चौकशी न्हाय."

"कासमभाई," बसाण्णा धापा टाकत म्हणाले. "बघायचं हाय."

"तुमी कोन त्येंचं?"

बसाण्णांच्या कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंगायताचे इष्टलिंग. ज्या माणसाबरोबर उभी हयात घालवली, त्याचे आपण कोण, हे त्यांना कधी ठरवावेच लागले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"भाऊ," ते म्हणाले.

शिपायाने भस्माकडे पाहिले, लिंगाकडे पाहिले. "सख्खा?"

"व्हय. सख्खा."

शिपाई फिसकन हसला. काठी मात्र हलली नाही. बसाण्णांच्या तोंडाला कोरड पडली, आणि ते कुंपणापाशी तसेच मातीत बसले. आत ओळीने झोपड्या होत्या, सगळ्यांची तोंडे पलीकडे. कुठेच काही हलत नव्हते. मी मनात वाईटाची तयारी करू लागलो.

तेवढ्यात पहिल्याच झोपडीच्या कुडामागून एक चिरका, खोकल्याने फाटलेला आवाज आला:

"आरं, भाऊ कसला त्यो! वैरी हाय माझा! उन्हातनं आलाय, त्येला आदी पानी द्या की!"